पहिल्या सुतारकामासाठी परवडणारं लाकूड: यादीपासून घरच्या थप्पीपर्यंत

सुतारकाम शिकायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "लाकूड सगळ्यात स्वस्त कुठे मिळतं?" हा. वखारीचं नाव सांगून त्याचं भागत नाही. एकाच वखारीतून, एकाच दिवशी, एकाच भावाने दोघांनी लाकूड नेलं, तरी एकाचं रॅक दुसऱ्याच्या दीडपट महाग पडू शकतं. हा फरक होतो वाया गेलेल्या लाकडाचा.

एक साधा हिशेब बघा. समजा, एक माल १,००० रुपये घनफूट आहे, पण गाठी, चिरा आणि पीळ काढून टाकल्यावर त्यातला ४० टक्केच कामाला येतो. म्हणजे कामाचं लाकूड २,५०० रुपये घनफूट पडलं. शेजारचा माल १,५०० रुपयांचा आहे आणि त्यातला ७० टक्के वापरता येतो. तो पडला साधारण २,१४० रुपयांना. महाग वाटणारा मालच इथे स्वस्त ठरला. पुढचे सगळे टप्पे या एका हिशेबासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका पाचव्या, म्हणजे फळी निवडायच्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळेच होतात.

टप्पा १: आधी यादी, मग वखार

काय बनवायचं ते ठरवा आणि त्याचा एकेक भाग कागदावर उतरवा: लांबी, रुंदी, जाडी, नग. उदाहरण म्हणून पुस्तकांचं एक छोटं रॅक घेऊ. ३ फूट उंच, २ फूट रुंद, ९ इंच खोल.

- बाजू: ३६ × ९ × पाऊण इंच, २ नग
- कप्पे: साडेबावीस × ९ × पाऊण इंच, ४ नग
- पाठ: ६ मिमी प्लाय (याचा हिशेब वेगळा)

ही झाली तयार मापं. या मापांनी लाकूड आणलंत तर रॅक होणार नाही, कारण खरखरीत फळीला दोन्ही बाजूंनी रंधा मारला की जाडी कमी होते. पाऊण इंच, म्हणजे सहा सूत हातात यायचं असेल, तर इंची फळी लागते. रुंदीला अर्धा इंच आणि लांबीला दीड-दोन इंच जास्त धरा. दुसरा रकाना कच्च्या मापांचा करा: बाजू ३८ × साडेनऊ × १ इंच आणि कप्पे २४ × साडेनऊ × १ इंच.

आता घनफूट काढा. सूत्र एकच आहे: रुंदी (इंच) × जाडी (इंच) × लांबी (फूट) ÷ १४४. तयार मापांनी हे रॅक सुमारे ०.६३ घनफूट भरतं आणि कच्च्या मापांनी ०.९५. त्यावर गाठी-चिरांसाठी १५ ते २० टक्के घातले की खरेदी साधारण १.१ घनफुटांची होते. तयार वस्तूत जितकं लाकूड दिसतं, त्याच्या पावणेदोनपट विकत घ्यावं लागतं. हा आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. तो कागदावर बसलेला बरा, पैसे देऊन झाल्यावर नको.

यादीत आणखी एक खूण करा. तुमच्या कामातला सगळ्यात लांब भाग कोणता? इथे तो ३८ इंचांचा आहे. म्हणजे आठ फुटी सरळसोट फळीची तुम्हाला गरजच नाही. ही गोष्ट पाचव्या टप्प्यात पैसे वाचवणार आहे.

*तपासणी: यादीत प्रत्येक भागाचं कच्चं माप आहे का? सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद भागावर खूण केली का?*

टप्पा २: लाकूड कामावरून निवडा

"सागवानच हवं" हा हट्ट पहिल्या दोन-तीन कामांना सोडा. सागवान चांगलं असतं, यात वाद नाही. पण शिकताना चुकीचा काप होणारच, आणि तो महागड्या फळीवर व्हायला नको.

घरातल्या रॅकला, स्टुलाला, खोक्याला चालतील अशी लाकडं महाराष्ट्रात भरपूर आहेत.

पाईन. परदेशातून येणारं हे लाकूड बहुतांशी कांडला-गांधीधाम भागात उतरतं आणि तिथून देशभर जातं. मऊ, हलकं, रंध्याला सोपं. नखानेही खळगा पडतो, त्यामुळे बसण्याच्या किंवा घासल्या जाणाऱ्या भागाला ते कमी पडतं.

शिवण. मिळालं तर सोडू नका. हलकं असतं, हत्याराला बरं वाटतं आणि वाळताना फारसं वाकत नाही.

सिल्व्हर ओक. स्वस्त. रेषा छान दिसते. उघड्यावर टिकत नाही, घरात ठीक.

आंबा. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पण ओला असताना त्याला निळसर बुरशी आणि किडा फार लवकर लागतो. वाळलेला आणि निवडलेला असेल तरच घ्या.

फणस. कोकणात आणि गोव्यात सहज मिळतो. पिवळा रंग काही वर्षांत तपकिरी होतो. आंब्यापेक्षा कितीतरी सरस.

बाभूळ, कडुनिंब. घट्ट लाकडं. बाभूळ धार खाते, कडुनिंबाच्या रेषा उलटसुलट असल्यामुळे रंधा मारताना चिंध्या निघतात. हातरंध्याने शिकणाऱ्याने थोडं थांबावं.

तयार जोड-बोर्ड. रबरवुड किंवा पाईनच्या पट्ट्या चिकटवून केलेले, आठ बाय चार फुटांचे. हे चौरस फुटावर विकतात, वाळवलेले असतात आणि एका जाडीचे येतात. ज्यांच्याकडे रंधा मशीन नाही आणि ओळखीचा मिलवालाही नाही, त्यांनी पहिलं रॅक यातच करावं. वरच्या यादीतली दोन रॅकं एका बोर्डात निघतात आणि नऊ इंचांची एक अख्खी पट्टी उरते. मात्र ओलीची जागा असेल तर रबरवुड टाळा.

इशारा: दुकानात "हार्डवुड" किंवा "जंगली लाकूड" एवढंच सांगितलं तर नाव विचारा. या दोन शब्दांखाली काहीही येतं आणि पुढच्या वेळी तोच माल पुन्हा मिळेलच असं नाही.

टप्पा ३: माल कुठून आणायचा

वखार आणि टिंबर मार्केट. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड, नागपुरात लकडगंज. गावोगावच्या सॉ मिल आहेतच. एक घनफूट मागणारं गिऱ्हाईक घाऊक दुकानाला नको असतं, आणि ते साहजिक आहे. म्हणून ज्या दुकानात माल उघड्यावर लावलेला आहे आणि किरकोळ गिऱ्हाईक येताना दिसतंय, तिथे जा. दोघा-तिघांनी मिळून यादी केली तर भाव आणि टेम्पो दोन्ही परवडतात. बल्लारशा, आलापल्ली, परतवाडा इथल्या सरकारी आगारांमधले लिलाव ऐकून हुरळून जाऊ नका. तिथे ओंडक्यांचे लॉट विकले जातात. पुढे कापणं, वाळवणं, वाहतूक हे सगळं आपल्या गळ्यात येतं.

तुकडे. सगळ्यात दुर्लक्षित आणि नवशिक्याला सगळ्यात सोयीचं. दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यांत फूट-दोन फुटांचे वाळलेले, रंधलेले तुकडे रोज निघतात. त्यांच्या दृष्टीने ते जळण असतं, वजनावर विकलं जातं. आपल्या रॅकचे कप्पे साडेबावीस इंचांचे आहेत हे लक्षात घ्या. पाच इंच रुंदीचे दोन तुकडे कडेला कड चिकटवले की एक कप्पा झाला. कारखान्यातल्या मिस्त्रींना आधी भेटा, माप सांगा आणि "मामा, या लांबीचे तुकडे निघाले तर बाजूला ठेवाल का?" एवढं विचारा. आठवड्याने पुन्हा जा. फोनवर हे काम होत नाही.

जुनं लाकूड. वाडे, चाळी, कोकणातली कौलारू घरं पाडली जातात तेव्हा तुळया, वासे, दारं, चौकटी निघतात. त्यात जुनं, पूर्ण वाळलेलं सागवान मिळतं आणि नव्याच्या तुलनेत भाव बराच कमी असतो. पण इथे वाया जाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, म्हणून घेताना या गोष्टी बघा:

१. खाचा आणि भोकं कुठे आहेत? दाराच्या चौकटीला बिजागऱ्या आणि कडीच्या खाचा असतात. दोन खाचांमधला सलग भाग मोजा. तेवढंच तुमचं लाकूड, पूर्ण लांबी विसरा.

२. लोहचुंबक सगळीकडून फिरवा. आत मोडलेले खिळे असतातच. चुंबकाला पितळी स्क्रू सापडत नाहीत, म्हणून हिरवट डाग किंवा बुजवलेली भोकं दिसली तर टोच्याने उकरून बघा.

३. टोकं आणि भिंतीत गाडलेला भाग स्क्रूड्रायव्हरने टोचा. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते. टोचल्यावर पोकळ आवाज आला किंवा टोक सहज आत गेलं, तर तो भाग मोजणीतून वजा करायला सांगा.

४. रंग असेल तर विचार करा. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. केमिकल रिमूव्हर लावून, मास्क घालून, मुलांपासून लांब काढा.

इशारा: जुनं लाकूड मिलच्या रंधा मशीनवर न्यायच्या आधी "जुना माल आहे" हे स्पष्ट सांगा. एका खिळ्याने पातं जातं. म्हणून काही मिलवाले जुना माल घेतच नाहीत. खरेदीआधी विचारून ठेवा, नाहीतर दहा फुटी तुळई घरी आणि रंधायची सोय नाही, अशी पंचाईत होते.

पॅलेट. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा एमआयडीसींच्या आसपास भंगारवाल्यांकडे पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी, मिळतात. परदेशातून आलेल्या किंवा निर्यातीसाठी केलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात इंग्रजी अक्षरांत 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. शिक्का नसेल, तेलाचे डाग असतील किंवा वास येत असेल, तरीही सोडा. पोळपाट, चॉपिंग बोर्ड, मुलांची खेळणी यांना पॅलेटचं लाकूड मुळीच नको. शिक्का प्रक्रियेचं सांगतो, त्या पॅलेटवर नंतर काय सांडलं ते सांगत नाही.

फळ्या उचकटताना अर्ध्या टोकाला फाटतात. खिळ्यांच्या रांगेच्या आतून करवतीने कापून घेतलं तर लांबी कमी होते, पण फळी अख्खी हाताला लागते. कप्प्यांसारख्या छोट्या भागांना तेवढं पुरतं.

दारचं किंवा शेतातलं झाड. "गावी आंबा पडलाय, लाकूड फुकट आहे" हे ऐकायला गोड असतं. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ अशी नेहमीची झाडंही आहेत. शहरांत १९७५ चा कायदा लागू होतो. झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायच्या आधी वाहतूक परवाना लागेल का, हे वनविभागाच्या कार्यालयात विचारावं लागतं. सॉ मिल परवान्यावर चालते, म्हणून मिलवालाही कागद मागणार. शिवाय इंचभर जाडीची फळी सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं. पुढच्या वर्षीच्या कामासाठी हा मार्ग उत्तम, या महिन्यातल्या रॅकसाठी नाही.

टप्पा ४: निघण्याआधी

आधी फोन करा आणि चारच गोष्टी विचारा: इंची फळी आहे का, किती लांबीपासून देता, फळ्या निवडू देता का, भाव जीएसटी धरून की वगळून. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं, तर भाव कितीही कमी असला तरी ते दुकान बाद.

पिशवीत असावं: इंच आणि मिमी दोन्ही असलेला टेप, खडू, यादीच्या दोन प्रती, टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हर, चुंबक, छोटा हातरंधा किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर, आणि सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या. पट्ट्या कशाला, ते पुढे येईलच. ओलावा मोजायचा पिनांचा मीटर असेल तर घ्या.

रविवारी जाऊ नका. गर्दीच्या वेळी फळ्या उलटून बघायला कोणी देत नाही. मोसमाचं म्हणाल तर फेब्रुवारी ते मे सगळ्यात बरा. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या वखारीतला माल वरून कोरडा दिसला तरी आतून ओल धरून असतो.

टप्पा ५: फळी निवडणं

घाई करायची नाही अशी ही एकच जागा. भावात घासाघीस करण्यापेक्षा "शेठ, भाव तुमचा, फळ्या मी निवडतो, थप्पी परत लावून देतो" असं म्हणा. निवडीची मोकळीक दहा टक्के सवलतीपेक्षा जास्त पैसे वाचवते. आणि थप्पी खरंच परत लावा, पुढच्या वेळी तुम्हाला ओळखतील.

पहिली नजर, लांबीतून. फळीचं एक टोक जमिनीवर, दुसरं डोळ्याजवळ. एक डोळा मिटून कडेवरून पुढे बघा. फळी कमानीसारखी वर-खाली वाकली असेल, तर लगेच टाकू नका. आठ फुटी फळीला मधोमध अर्धा इंच कमान असेल आणि तिचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यात एक मिलिमीटरपेक्षाही कमी कमान उरते, कारण लांबी पाव झाली की कमान सोळाव्या हिश्श्यावर येते. तेवढी रंध्यात निघून जाते. आपल्या यादीत चार कप्पे दोन फुटांचे आहेत. दुसऱ्यांनी नाकारलेली कमानदार फळी मागून घ्या, भावही कमी होईल.

दुसरी नजर, रुंदीतून. फळी पन्हळीसारखी आडवी वळलेली असेल, तर ती मधून उभी चिरून दोन अरुंद पट्ट्या करता येतात. रुंद भाग हवा असेल तर मात्र नको. सपाट करेपर्यंत जाडी संपते.

तिसरी नजर, पीळ. यासाठी त्या दोन पट्ट्या. एक फळीच्या या टोकावर आडवी ठेवा, दुसरी त्या टोकावर आणि खाली वाकून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड बघा. कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक टोक वर आणि दुसरं खाली दिसलं तर फळीला पीळ आहे. पीळ कापल्याने कमानीइतका झपाट्याने कमी होत नाही आणि तो काढताना सगळ्यात जास्त लाकूड जातं. पिळाची फळी फुकट दिली तरी घेऊ नका.

टोकाची रेघ. फळीच्या टोकावर झाडाची वलयं दिसतात. ओंडक्याचा अगदी मधला बिंदू त्या फळीत असेल, तर आज ना उद्या तिथूनच चीर जाणार. टोकाला आधीच चिरा असतील तर त्या आत किती गेल्यात ते बघा. टोकाला दिसते त्याहून चीर आत दोन-तीन इंच पुढे गेलेली असते.

गाठी. लाकडाशी एकजीव झालेली गाठ चालते. भोवती काळी कड असलेली गाठ सुटी होऊन पडते. गाठ फळीच्या कडेला असेल तर तिथे भाग कमकुवत होतो, मधोमध असेल तर कमी त्रास. खडूने यादीतले भाग फळीवर आखून बघा. गाठी दोन भागांच्या मध्ये पडत असतील, तर ती फळी तुमच्यासाठी निर्दोषच आहे.

पांढरं लाकूड. सालीजवळचा फिका भाग. किडा आधी इथे लागतो. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली की फळीखाली काळा कागद धरून दोन टपल्या मारा. मैद्यासारखी बारीक पूड पडली तर किडा आत जिवंत असण्याची शक्यता आहे. ती फळी घरी आणू नका, शेजारच्या लाकडालाही लागण होते. कमी वयाच्या लागवडीच्या सागवानात हा पांढरा पट्टा रुंद असतो. भाव पूर्ण सागवानाचा लावत असतील, तर पांढरं वजा करून मोजायला सांगा.

सागवानच आहे ना? कोपऱ्यात रंधा किंवा पॉलिश पेपर मारा. ताज्या सागवानाला चामड्यासारखा वास येतो, बोटांना किंचित तेलकट लागतं आणि टोकाला वलयांच्या कडेने मोठ्या भोकांची रांग दिसते. नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग लावता येतो.

*तपासणी: निवडलेल्या फळ्यांवर खडूने यादीतला प्रत्येक भाग आखून झाला का? ज्या फळीवर यादीतला एकही भाग आखलेला नाही, ती फळी जास्तीची आहे.*

टप्पा ६: ओलावा

घरातल्या सामानाला पुणे-नागपूरकडे साधारण १० ते १२ टक्के आणि मुंबई-कोकणात १२ ते १४ टक्के ओलावा ठीक. मीटरच्या पिना फळीच्या टोकात खुपसू नका, टोक नेहमी कोरडं असतं. शक्य असेल तर तुकडा कापून ताज्या कापात, मधोमध मोजा.

मीटर नसेल तर वजनाने काढता येतं. फळीच्या आतल्या भागातून छोटा तुकडा घ्या, डिजिटल काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने मोजा. ओलं वजन ५८ ग्रॅम आणि कोरडं ५१ असेल, तर ७ भागिले ५१, म्हणजे जवळपास १४ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा, इथे हमखास चूक होते.

ओल्या लाकडाने काय बिघडतं? वलयं रुंदीला समांतर राहतील अशा कापात निघालेली नऊ इंचांची सागवानी फळी १७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली, तर रुंदीत सुमारे दोन मिलिमीटर आकसते. सागवान तर कमी आकसणाऱ्यांत मोडतं. घट्ट बसवलेला सांधा उघडायला एवढं पुरेसं आहे.

इशारा: "किल्न सीझन्ड आहे" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. भट्टीत वाळवलेला मालही पावसाळ्यात उघड्यावर ठेवला की पुन्हा ओल धरतो.

टप्पा ७: मोजणी आणि बिल

मोजणी तुमच्यासमोर होऊ द्या आणि प्रत्येक फळी आपल्या कागदावर लिहा. गफलत नेहमी या जागी होते:

- जाडी. "इंची" म्हणून दिलेली फळी सात सूतच भरते आणि बिल आठ सुतांचं होतं. साडेबारा टक्के इथेच गेले. त्यातून सहा सूत तयार जाडी निघायलाही अडचण.
- निमुळती फळी. रुंदी मधोमध मोजायची, रुंद टोकाला नाही.
- लांबी. सात फूट चार इंचांची फळी सात धरतात, साडेसात की आठ? भाव ठरवतानाच विचारा.
- एकक. पट्ट्या आणि रीप रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर), बोर्ड चौरस फुटावर, फळ्या घनफुटावर. दोन दुकानांचे भाव तोलायचे तर आधी एका एककात आणा. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट.

गोल ओंडका कधी घेतलात तर तिथे घेराचा चौथा हिस्सा धरून मोजतात: (घेर ÷ ४)² × लांबी ÷ १४४. घेर ४० इंच आणि लांबी ८ फूट असेल तर साडेपाच घनफूट. प्रत्यक्षात ओंडका सात घनफुटांचा असतो, पण फरक कापण्यात जाणारच, म्हणून ही पद्धत.

अरुंद आणि आखूड फळ्यांचा भाव वेगळा असतो का, हेही विचारा. रुंद, लांब मालाला जास्त पैसे पडतात. साडेनऊ इंची एक फळी घेण्यापेक्षा पाच इंची दोन घेऊन चिकटवणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि ती पन्हळतेही कमी.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर लाकडाचं नाव लिहून घ्या. सागवान असेल तर नक्कीच.

टप्पा ८: मिलवर काय करून घ्यायचं

हातरंध्याने सहा-सात फळ्या एका जाडीच्या करणं नवशिक्याला जमत नाही, हे मान्य करा आणि थोडे पैसे देऊन मशीनवर करून घ्या. मात्र क्रम असा: आधी आडवं कापून भाग कच्च्या लांबीचे करा, मग रंधा. आठ फुटी वाकडी फळी तशीच मशीनमध्ये घातली, तर कमान काढता काढता जाडी चार सूत होते.

एक खबरदारी. फार आखूड तुकडे रंधा मशीनवर घेत नाहीत, ते धोक्याचं असतं. किमान लांबी मिलवाल्याला विचारा आणि गरज पडली तर दोन कप्पे मध्ये न कापता सलगच रंधून घ्या.

दोन इंच जाडीची फळी चिरून एकेक इंचाच्या दोन फळ्या होतील, असं धरू नका. पातं दोन-तीन मिलिमीटर खातं, मग दोन्ही बाजूंना रंधा. हातात येतं १९-२० मिलिमीटर. पाऊण इंचाच्या कामाला ते चालतं, त्याहून जाड हवं असेल तर नाही. आणि शेवटची जाडी आजच काढू नका. एक-दोन मिलिमीटर शिल्लक ठेवा, कारण पुढचा टप्पा बाकी आहे.

टप्पा ९: घरी थप्पी

आणलं त्या दिवशी कापायला घेऊ नका. ज्या खोलीत वस्तू राहणार, त्याच खोलीत भिंतीपासून थोडं लांब, जमिनीवर तीन आडव्या पट्ट्या ठेवून त्यावर फळ्या रचा. प्रत्येक थरामध्ये पाऊण इंची पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी तिथे वाकते. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा, म्हणजे टोकं आधी वाळून चिरणार नाहीत. वर वजन ठेवा. गॅलरीत ऊन-पावसात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका.

मीटर असेल तर आकडा दोन-तीन दिवस तोच राहीपर्यंत, नसेल तर दोन-तीन आठवडे थांबा. वजनाचाही उपयोग होतो: एक फळी खूण करून दर आठवड्याला तोला. वजन बदलायचं थांबलं की लाकूड खोलीशी जुळलं.

मिलवर भाग कापून घेतले नसतील तर आता आखा, लांब भाग आधी. उलटं केलंत तर कप्पे निघतात आणि बाजूंना फळी उरत नाही. कच्चे भाग कापून एक-दोन दिवस तसेच उभे ठेवा आणि पुन्हा पट्ट्या ठेवून पीळ तपासा. त्यानंतर शेवटचा रंधा आणि मग सांधे. विदर्भात उन्हाळ्यात हे करत असाल, तर पाठीच्या आणि दाराच्या फटींना पावसाळ्यात फुगायला एक-दोन मिलिमीटर जागा सोडा. कोकणात पावसाळ्यात करत असाल, तर हिशेब उलटा: आज घट्ट बसलेलं मे महिन्यात ढिलं होणार.

उरलेल्या एक फुटाहून मोठ्या तुकड्यांवर लाकडाचं नाव, जाडी आणि तारीख खडूने नको, पेन्सिलने लिहून ठेवा. पुढच्या कामाची यादी करताना आधी हा ढीग मोजायचा.